नेटवर्कचा पहारा कंटेनरमधून

झोहो म्हटलं की आज लोकांना ईमेल आठवतं, हिशेबाचं सॉफ्टवेअर आठवतं, अलीकडे ‘अरट्टाई’ हे मेसेजिंग अ‍ॅपही आठवतं. पण १९९६ साली ही कंपनी अ‍ॅडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली तेव्हा तिचा माल वेगळाच होता. राउटर, स्विच आणि दूरसंचाराची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना ती नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे सुटे भाग विकायची. २००१च्या सुमारास डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि या गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. मग सहसंस्थापक श्रीधर वेंबू आणि मंडळींनी मोर्चा सर्वसाधारण कंपन्यांच्या आयटी विभागांकडे वळवला. ‘मॅनेजइंजिन’ हा विभाग आणि त्याचं ‘ऑपमॅनेजर’ त्यातून उभं राहिलं. कंपनीचं नाव झोहो झालं ते २००९ मध्ये. आयआयटी मद्रासच्या ‘टेनेट’ गटातून निघालेली एनएमएसवर्क्सही याच धंद्यातली. लिंक जिवंत आहे का, पोर्ट भरलंय का, पंखा बंद पडलाय का, हे दुसऱ्यांना सांगणारं सॉफ्टवेअर चेन्नईत जवळजवळ तीन दशकं लिहिलं जातंय.

त्यामुळे सध्या आयटी विभागांत घोळणारा एक प्रश्न याच शहराच्या संदर्भात तपासायला बरा. नेटवर्क मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर गेली दहा-पंधरा वर्षं व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे बोलीत व्हीएममध्ये, सुखाने नांदत आलं. ते आता कंटेनरमध्ये हलवावं का? गिंडी, अंबत्तूर, सिरुसेरी इथल्या लोकांना हा प्रश्न पडतो तसा हिंजवडी आणि ऐरोलीतल्यांनाही पडतो. चेन्नईत त्याला आणखी एक बाजू आहे. इथे नेटवर्क खरोखर तुटतं. वादळाने तुटतं, पुराने तुटतं, कधी समुद्राखालच्या केबलला इजा होऊन तुटतं. पहारेकऱ्याने कुठे उभं राहावं हा इथे नुसता चर्चेचा विषय उरत नाही.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. त्याची कामं तीन. ते विचारतं: दर पाच मिनिटांनी किंवा दर मिनिटाला प्रत्येक राउटरला एसएनएमपीने आकडे मागतं, पिंग टाकून जिवंत आहे का ते बघतं. ते ऐकतं: राउटर आपण होऊन पाठवतो ते ट्रॅप, सिसलॉगच्या ओळी आणि नेटफ्लोचे हिशेब गोळा करतं. आणि ते आठवणीत ठेवतं: आकडे डेटाबेसमध्ये टाकतं, आलेख काढतं, मर्यादा ओलांडली की अलर्ट पाठवतं. ही तीन कामं एकाच पॅकेजमध्ये येतात म्हणून आपण त्यांना एकच वस्तू समजतो. कंटेनरमध्ये जाताना मात्र तिघांची वागणूक तीन तऱ्हांची असते.

यातलं काही नवीन नाही. एसएनएमपीचा पहिला मसुदा १९८८चा. टोबी ओटिकर या स्विस तरुणाने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची ६४ केबीपीएसची लाइन किती भरते हे बघण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तोच एमआरटीजी, १९९५चा. पाच मिनिटांचं अंतर तेव्हापासूनचं. १९९९ मध्ये इथन गॅलस्टॅडचं नेटसेंट आलं, त्याचं पुढे नागिऑस झालं. २००१ मध्ये लाटव्हियातून झॅबिक्स आलं. ही सॉफ्टवेअरं सुरुवातीला कुठे चालायची? बहुधा सर्व्हर रूमच्या कोपऱ्यातल्या, निवृत्तीला आलेल्या पीसीवर. त्याची हार्ड डिस्क गेली की दोन वर्षांचे आलेख जायचे.

व्हर्च्युअल मशीनने ही अवस्था संपवली. व्हीएमवेअरचं ईएसएक्स २००१ मध्ये आलं, केव्हीएम २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये शिरलं आणि एका दणकट सर्व्हरवर दहा-वीस मशीन बसवता येऊ लागली. मॉनिटरिंगवाल्यांना ही व्यवस्था मानवली. अपग्रेडच्या आधी स्नॅपशॉट घ्यायचा, बिघडलं तर मागे जायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रत्येक व्हीएमला स्वतःचं कर्नल, स्वतःचं नेटवर्क कार्ड, स्वतःचा मॅक पत्ता आणि आयपी पत्ता असतो. नेटवर्कच्या बाजूने पाहिलं तर ते पूर्ण मशीनच. राउटरला फरक कळत नाही आणि कळण्याची गरजही पडत नाही.

कंटेनर म्हणजे मशीन नव्हे. तो यजमान मशीनच्याच कर्नलवर चालणारा एक प्रोसेस असतो, फक्त घोड्याला झापडं लावावीत तशी त्याच्या नजरेला मर्यादा घातलेली असते. त्याला दिसते ती फाइल सिस्टम त्याची, दिसतात ते प्रोसेस त्याचे, दिसतं ते नेटवर्कही त्याच्यापुरतंच. या कल्पनेची वंशावळ १९७९च्या युनिक्समधल्या सीएचरूटपर्यंत जाते. २००० मध्ये फ्रीबीएसडीचे ‘जेल’ आले. गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं सीग्रुप्सचं काम २००८च्या कर्नलमध्ये आलं. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सने डॉकर जगापुढे मांडलं आणि तोवर जाणकारांपुरती असलेली ही गोष्ट सर्वांच्या हाती आली.

मग हलायचं कशासाठी? जागा वाचते, मेमरी वाचते हे पहिलं उत्तर सर्रास दिलं जातं, आणि ते मला सर्वांत कमकुवत वाटतं. साधा हिशेब करू. पाचशे स्विच, प्रत्येकाला ४८ पोर्ट, प्रत्येक पोर्टचे दहा आकडे, दर पाच मिनिटांनी. म्हणजे तीनशे सेकंदांत दोन लाख चाळीस हजार आकडे, सेकंदाला आठशे. हे आठशे आकडे डिस्कवर लिहावे लागतात, आणि डिस्कचा तो घाम व्हीएममध्येही गळतो, कंटेनरमध्येही. वाचतं ते पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टमचं एखाद-दोन जीबी. तेवढ्यासाठी चालता गाडा कोणी उलथू नये.

खरं कारण अपग्रेडचं आहे. ज्यांनी लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स हाताने बसवलंय त्यांना माहीत आहे: पीएचपीची अमुक आवृत्ती हवी, पर्लचं तमुक मॉड्यूल हवं, एमआयबीच्या फाइली एका विशिष्ट फोल्डरमध्ये हव्यात. एकदा ही मोट बांधली की तिला हात लावायची कोणाची छाती होत नाही, आणि तीन वर्षं जुनी आवृत्ती तशीच चालत राहते. कंटेनरच्या इमेजमध्ये ही सगळी मोट बांधूनच येते. झॅबिक्सच्या अधिकृत इमेज सर्व्हर, वेब, प्रॉक्सी, ट्रॅप घेणारा अशा वेगवेगळ्या मिळतात. लिब्रेएनएमएसमध्येही पोलिंग, सिसलॉग आणि ट्रॅप यांचे कंटेनर वेगळे चालवता येतात. आवृत्तीचा आकडा एका फाइलमध्ये बदलायचा, इमेज ओढायची, पुन्हा सुरू करायचं. जमलं नाही तर जुना आकडा लिहायचा. इथे एक ताकीद हवी: आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहून ठेवणाऱ्याला कधीतरी रात्री नको असलेलं अपग्रेड मिळतं. आणि डेटाबेसची रचना एकदा पुढच्या आवृत्तीची झाली की नुसता आकडा मागे नेऊन भागत नाही, बॅकअप लागतोच.

दुसरं कारण पैशाचं, आणि ते अलीकडचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं, सगळं वर्गणीवर आलं. तेव्हापासून आयटी विभागांत ‘व्हीएम कमी कशी करता येतील’ हा विषय निघतोच. त्या यादीत मॉनिटरिंगचं व्हीएम वरच्या क्रमांकावर सापडतं, कारण ते थेट कमाई करत नाही. कोणी प्रॉक्समॉक्ससारख्या दुसऱ्या व्हीएम-व्यवस्थेकडे वळतं, कोणी कंटेनरकडे.

इथवर कंटेनरची बाजू. अडचण सुरू होते ती या सॉफ्टवेअरच्या स्वभावापासून. वेबसाइट, पगारपत्रक, दुकानाचं बिल ही सॉफ्टवेअरं नेटवर्क वापरतात. ते खाली कसं आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. कंटेनरची सारी कला या बेफिकिरीवर उभी आहे: प्रोग्रॅमपासून खरं नेटवर्क लपवायचं, त्याला एक सोयीचं, खासगी नेटवर्क द्यायचं. मॉनिटरिंगला मात्र नेटवर्क जसं आहे तसंच दिसायला हवं. ज्याचं काम पाहणं आहे त्याच्या डोळ्यांवर झापड चालत नाही. या विषयातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

आता तपशिलात शिरू. राउटरकडून ट्रॅप किंवा सिसलॉगची ओळ येते तेव्हा ती कोणी पाठवली हे सॉफ्टवेअर मुख्यतः पॅकेटवरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ओळखतं. साध्या लिनक्सवर डॉकरचा ब्रिज हा पत्ता बहुतेकदा जपतो. पण डॉकर स्वॉर्मचा इनग्रेस, रूटलेस मोड, डॉकर डेस्कटॉप, अनेक मशीनवर कंटेनर पसरवणाऱ्या कुबरनेटिसच्या नोडपोर्टची मूळ सेटिंग, या ठिकाणी वाटेत पत्ता बदलतो. मग चारशे राउटरचे अलर्ट एकाच, कोणाच्याही यादीत नसलेल्या पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. आग कुठे लागली ते कळत नाही, लागली एवढंच कळतं. कुबरनेटिसमध्ये ‘एक्स्टर्नल ट्रॅफिक पॉलिसी’ लोकल करून हे सुधारतं. सरळ उपाय म्हणजे ऐकणाऱ्या कंटेनरला यजमानाचंच नेटवर्क देणं. झापड काढून टाकायचं. तसं केल्यावर कंटेनरपणातलं थोडं हातचं जातं, पण काम होतं.

उलट्या दिशेचा त्रास अधिक फसवा आहे. जबाबदार नेटवर्क इंजिनिअर राउटरवर लिहून ठेवतो की एसएनएमपीचं उत्तर फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या पत्त्याला द्यायचं. व्हीएमचा पत्ता वर्षानुवर्षं एकच असायचा, त्यामुळे ही यादी कोणी उघडून बघत नव्हतं. कुबरनेटिसमध्ये पोलिंगचा पॉड, म्हणजे तिथला कंटेनर, एका नोडवरून दुसऱ्यावर गेला की बाहेर दिसणारा पत्ता बदलतो. राउटर नकार कळवत नाही, गप्प बसतो. एसएनएमपीला उत्तर आलं नाही याचा अर्थ सॉफ्टवेअर ‘यंत्र बंद’ असा लावतं, आणि रात्रपाळीच्या माणसापुढे शंभर राउटर एकदम लाल होतात. नेटवर्क व्यवस्थित, पहारेकरी आंधळा.

यूडीपीची आणखी एक खोड. लिनक्सचं कर्नल कोणतं पॅकेट कुठे वळवलं याची नोंद ठेवतं, तिला कॉनट्रॅक म्हणतात. ऐकणारा कंटेनर नवीन केला की त्याचा आतला पत्ता बदलू शकतो. पण राउटरकडून सिसलॉगचा ओघ अखंड चालू असेल तर जुनी नोंद मरतच नाही, आणि पॅकेटं गेलेल्या कंटेनरच्या पत्त्यावर जात राहतात. गंमत अशी की मोजकं बोलणाऱ्या राउटरचे लॉग सुरळीत येतात आणि सर्वांत बडबड्या, म्हणजे बहुधा सर्वांत महत्त्वाच्या, राउटरचे गायब होतात. नोंद हाताने पुसावी लागते.

पत्त्यांच्या टकरीबद्दल तर प्रत्येक नवशिक्याला आधीच सांगायला हवं. डॉकर आपल्या खासगी नेटवर्कसाठी १७२.१७ पासून सुरू होणारे पत्ते घेतो, पुढचं नेटवर्क १७२.१८, असं चढत जातो. आपल्याकडच्या कितीतरी कंपन्यांनी शाखांना नेमके हेच पट्टे दिलेले असतात. मग असं होतं की तिरुचिरापल्लीची शाखा १७२.१८ मध्ये आहे आणि डॉकरनेही तोच पट्टा घेतलाय. कंटेनर त्या शाखेला पिंग टाकतो, यजमान समजतो की हे घरातलंच काम, पॅकेट बाहेर पडतच नाही. कुठेही त्रुटीचा संदेश नाही. डॉकरच्या सेटिंगमध्ये वेगळा पट्टा लिहिणं दोन ओळींचं काम आहे, फक्त ते पहिल्या दिवशी करावं लागतं.

पिंगचंही तसंच. पिंग टाकायला रॉ सॉकेटचा हक्क लागतो. डॉकर तो मुळातच देतो, पण कडक सुरक्षाधोरण असलेल्या कुबरनेटिसमध्ये तो काढून घेतलेला असतो. आणि मॅकव्हीलॅन वापरून कंटेनरला नेटवर्कवर स्वतंत्र पत्ता देण्याचा मोह झाला, तर यजमान स्वतः व्हीएमवेअरमधलं व्हीएम आहे का ते आधी बघावं. तिथला व्हर्च्युअल स्विच अनोळखी मॅक पत्त्यांना मूळ सेटिंगमध्ये वाट देत नाही.

यजमान स्वतः व्हीएम असण्याचा मुद्दा तसा किरकोळ नाही. ‘व्हीएम की कंटेनर’ ही जोडीच थोडी फसवी आहे. कचेऱ्यांमध्ये कंटेनर सहसा व्हीएमच्या आतच चालतात. म्हणजे निवड करायची ती एक व्हीएम राखून त्यात सॉफ्टवेअर कसं ठेवायचं याची. सुटसुटीत की गुंतागुंतीचं, एवढाच प्रश्न उरतो.

वेळेचा प्रश्न आपल्या देशात जरा जास्त बोचतो. कंटेनर घड्याळ यजमानाचंच वापरतो, ही चांगली गोष्ट. स्थगित करून पुन्हा उठवलेल्या व्हीएमचं घड्याळ मागे पडायचं, यजमान स्वतः व्हीएम नसेल तर ती कटकट इथे नाही. पण कंटेनरमधला टाइमझोन मुळात यूटीसी असतो. राउटर भारतीय वेळ लिहितो, कंटेनर साडेपाच तास मागची, आणि पहाटे दोनचा बिघाड लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठला सापडतो. टाइमझोनचं व्हेरिएबल ‘एशिया/कोलकाता’ असं लिहिलं तरी अल्पाइनवर बेतलेल्या छोट्या इमेजमध्ये टाइमझोनची माहितीच नसते. तिथे ते व्हेरिएबल निमूटपणे दुर्लक्षित होतं.

याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, लॉग १८० दिवस जपायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. कंटेनरचा स्वभाव बरोबर उलटा: तो काढला की त्याच्या पोटातलं सगळं गेलं. लॉग बाहेरच्या व्हॉल्यूमवर किंवा वेगळ्या लॉग सर्व्हरवर नेले नाहीत, तर एक साधं अपग्रेड १८० दिवसांचा नियम मोडू शकतं. दुसऱ्या टोकाला, डॉकर कंटेनरचे संदेश ज्या फाइलमध्ये लिहितो तिला मूळ सेटिंगमध्ये आकाराची मर्यादाच नाही. ती फुगत फुगत डिस्क भरते आणि मॉनिटरिंग मरतं ते डिस्क भरल्यामुळे, म्हणजे ज्या गोष्टीचा अलर्ट देणं हेच त्याचं काम होतं तिच्यामुळे.

डेटाबेसबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल कंटेनरमध्ये चालत नाहीत असं मुळीच नाही, नीट व्हॉल्यूम दिलं तर चालतात. पण सेकंदाला शेकडो आकडे लिहिणारा, वर्षा-दोन वर्षांचा इतिहास असणारा डेटाबेस हलवून मिळतं काय? त्याची आवृत्ती वर्षातून एकदा बदलते, त्याला दहा प्रती नको असतात, आणि त्याचा बॅकअप ज्या पद्धतीने आज घेतला जातो ती पद्धत माणसांच्या हाताला बसलेली असते. तो आहे तिथे राहू द्यावा. जावावर लिहिलेल्या सॉफ्टवेअरबद्दल एक सूचना: जावा ८च्या १९१व्या अपडेटपूर्वीच्या आवृत्त्यांना कंटेनरची मेमरी मर्यादा कळत नसे. त्या अख्ख्या यजमानाची मेमरी आपली समजत, आणि कर्नल त्यांना मध्येच संपवायचं. कंटेनर १३७ हा कोड देऊन मेलेला दिसला की आधी मेमरीच तपासावी.

सुरक्षेत व्हीएमचं पारडं जड आहे, यात फारसं दुमत नसावं. कर्नल सामायिक असल्यामुळे भिंत पातळ असते. २०१९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये ‘रनसी’ या मूळ घटकात कंटेनरमधून बाहेर पडण्याच्या फटी सापडल्या. मॉनिटरिंगच्या सर्व्हरकडे तर साऱ्या नेटवर्कचे पासवर्ड असतात. त्यातच काही मार्गदर्शिका डॉकरचं सॉकेट कंटेनरला जोडून द्यायला सांगतात. ते देणं म्हणजे यजमानाची किल्ली देणं. शिवाय डॉकरने उघडलेलं पोर्ट उबुंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून बाहेर दिसू शकतं, हे कित्येकांना दुसऱ्याने दाखवल्यावर कळतं.

हे सगळं इंजिनिअरिंगचं झालं. चेन्नईने आणखी एक गोष्ट शिकवली आहे, ती जागेची. १ डिसेंबर २०१५च्या पावसात अड्यार नदीने शहर बुडवलं. विमानतळ बंद पडला आणि मरैमलै नगरच्या छापखान्यात कामगार पोहोचू न शकल्याने १८७८ पासून निघणाऱ्या ‘द हिंदू’ची चेन्नई आवृत्ती दुसऱ्या दिवशी छापलीच गेली नाही. पुढच्याच वर्षी १२ डिसेंबरला वरदा चक्रीवादळ आलं आणि समुद्राखालच्या एका केबलला इजा झाल्याचं एअरटेलने ग्राहकांना कळवलं. २०२३च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ. ट्रायच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशात १७ आंतरराष्ट्रीय समुद्री केबल उतरत होत्या. त्यांचं मुख्य ठाणं मुंबई, आणि तिच्यानंतर चेन्नईच. अंदमान-निकोबारला जोडणारी सुमारे २३०० किलोमीटरची केबलही चेन्नईतूनच निघते, १० ऑगस्ट २०२० पासून.

अशा शहरात मॉनिटरिंग त्याच कुबरनेटिस क्लस्टरमध्ये ठेवणं, ज्याच्यावर त्याने लक्ष ठेवायचं आहे, हा मला अविचार वाटतो. क्लस्टर पडलं की पहारेकरीही पडतो, आणि अलर्ट येत नाही. अलर्ट न येणं हे सगळं ठीक असल्याच्या लक्षणासारखंच दिसतं. प्रोमिथियस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या जगात यावर एक तोड आहे: ‘वॉचडॉग’ नावाचा अलर्ट सतत वाजत ठेवायचा, आणि तो थांबला की बाहेरच्या, वेगळ्या शहरातल्या व्यवस्थेने ओरडायचं. ही बाहेरची व्यवस्था पुण्यात असो वा हैदराबादेत, पण अड्यारच्या पाणलोटात नको.

कंटेनर खऱ्या अर्थाने शोभतो तो कडेच्या ठिकाणी. पोर्ट ब्लेअरमधल्या एखाद्या कचेरीचं नेटवर्क चेन्नईतून बघायचं आहे असं समजा. केबल तुटली की चेन्नईतला सर्व्हर तिथलं सगळं बंद आहे असंच म्हणणार. तिथे एक छोटा प्रोब ठेवला तर तो स्थानिक यंत्रांना विचारत राहतो, आकडे साठवतो आणि लिंक आली की पाठवतो. झॅबिक्सची प्रॉक्सी हे करते. मूळ सेटिंगमध्ये एक तासाचा साठा ठेवते, तो वाढवता येतो. ऑपमॅनेजरच्या एंटरप्राइझ आवृत्तीतही मध्यवर्ती सर्व्हर आणि प्रोब अशीच रचना आहे. साठा पाठवून मोकळी झालेली प्रॉक्सी ही गमवायला हरकत नसलेली वस्तू असते. बिघडली तर फेकायची, तीच इमेज पुन्हा चालवायची. चाळीस शाखांत चाळीस व्हीएम सांभाळण्यापेक्षा चाळीस कंटेनर सांभाळणं कितीतरी सोपं.

आणि या कडेच्या जागा आता नेटवर्कच्या यंत्रांतच मिळू लागल्या आहेत. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९३०० स्विचवर डॉकरचा कंटेनर चालवता येतो. आपल्याकडच्या छोट्या इंटरनेट पुरवठादारांचं लाडकं मायक्रोटिक राउटरओएसच्या सातव्या मालिकेत कंटेनर घेऊ लागलं, आणि ती सोय सुरू करायला यंत्राचं बटण हाताने दाबावं लागतं किंवा वीज काढून घालावी लागते. ही चांगली खबरदारी. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुलं केलेलं सॉनिक तर स्विचची पूर्ण ऑपरेटिंग सिस्टमच कंटेनरांत मांडतं: एसएनएमपीचा वेगळा, राउटिंगचा वेगळा, डेटाबेसचा वेगळा. म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो स्विचच आतून कंटेनरांचा बनलेला. पहारेकऱ्याने कंटेनरला नाकं मुरडून फार दिवस भागणार नाही.

एक बाब मात्र किमतीच्या तक्त्यात कधी येत नाही, ती माणसांची. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एखाद्या नियंत्रण कक्षात रात्री तीनला बसलेल्या मुलाला राउटिंग येतं, स्विचिंग येतं, एसएनएमपीचे ओआयडी तोंडपाठ असतात. यामलची फाइल आणि पॉडची अवस्था त्याच्या वाट्याला आलेली नसते. कंटेनरची जाण असणाऱ्यांची टीम वेगळी, ती दिवसा काम करते आणि तिला ट्रॅप म्हणजे काय ते ठाऊक नसतं. या दोघांच्या मधल्या पोकळीत मॉनिटरिंग पडून राहतं. स्थलांतराच्या आराखड्यात रात्रपाळीच्या प्रशिक्षणाचा खर्च धरलेला नसेल तर तो आराखडा अपुरा आहे.

तर माझा कौल असा. शे-दोनशे यंत्रांच्या कंपनीने एक लिनक्स व्हीएम ठेवावं, त्यात डॉकर कंपोजने मॉनिटरिंग चालवावं, ट्रॅप आणि सिसलॉग ऐकणाऱ्याला यजमानाचं नेटवर्क द्यावं. एवढ्याने अपग्रेडची भीती जाते आणि व्हीएमचा स्नॅपशॉटही हाताशी राहतो. अनेक शाखा असणाऱ्यांनी प्रोब कंटेनरमध्ये न्यावेत, डेटाबेस हलवू नये. कुबरनेटिसचा विचार फक्त त्यांनी करावा ज्यांच्याकडे ते आधीपासून आहे आणि ते सांभाळणारी माणसं रात्रीही जागी असतात, आणि त्यांनीही एक स्वतंत्र, साधा, कंटाळवाणा पहारेकरी बाहेर ठेवावा. ज्यांचं व्हीएम नीट चाललंय, अपग्रेड वेळेवर होतंय आणि लायसन्सचा बोजा पेलतोय, त्यांनी काहीच केलं नाही तरी चालेल.

आणि चेन्नईत हे काम काढायचं असेल तर ते जानेवारी ते सप्टेंबर या काळात काढा. राउटरवरच्या परवानगीच्या याद्या आधी उघडून बघा, डॉकरचा पत्त्यांचा पट्टा आधी बदला, जुनं व्हीएम आणि नवे कंटेनर काही महिने शेजारी शेजारी चालवा. ऑक्टोबरात ईशान्य मान्सून सुरू होतो. तो डिसेंबर संपेपर्यंत जुनं व्हीएम बंद करू नका.